रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का दुखतं? आतड्यातल्या नसा आणि जिवाणू यांच्याबद्दल

भिलवडीच्या एका दुकानदार गृहस्थांनी विचारलं आहे. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर त्यांना ताप आणि आठवडाभर जुलाब झाले. ते बरं झालं, पण तेव्हापासून पोट ठिकाणावर नाही. जेवलं की गुबारा धरतो, बेंबीखाली कळ येते, संडासला जाऊन आलं की हलकं वाटतं आणि तासाभरात पुन्हा तेच. वजन घटलेलं नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. मग मोबाईलवर त्यांनी ऐकलं की पोटात ‘दुसरा मेंदू’ असतो आणि आतड्यातले जंतू माणसाचा मूड ठरवतात. म्हणून दोन महिने प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, महागड्या कॅप्सूल घेतल्या, फरक शून्य. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जंतू आणि पोटातल्या नसा यांचा खरंच काही संबंध असतो का? असेल तर कॅप्सूलचा उपयोग का झाला नाही? आणि वडिलांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे, तोही पोटातूनच सुरू झाला असेल का?

मी मिरजेत बरीच वर्षं पोटविकारांचे रुग्ण बघतो आहे. अशी तक्रार घेऊन येणारी माणसं ओपीडीत रोज असतात आणि त्यातली बरीचशी आधी कुठेतरी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य ऐकून आलेली असतात. त्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. दुर्बिणीतून आम्हाला आतड्याचं अस्तर दिसतं. जखम, गाठ, सूज, रक्तस्राव दिसतो. अस्तराखालच्या नसा कशा वागतात हे दुर्बिणीला दिसत नाही. सोनोग्राफीलाही नाही. तुमचा आजार बहुतेक तिथे आहे, जिथे आपली रोजची तपासणी पोहोचतच नाही. त्याला नाव आहे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस, आणि तुमचा प्रकार संसर्गानंतर जडणारा आहे.

आता नसांकडे येऊ. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी पसरलेली असतात. एक जाळं स्नायूंच्या दोन थरांच्या मधोमध असतं. अन्न पुढे ढकलण्याचं काम त्याच्याकडे. दुसरं अस्तराच्या लगेच खाली असतं. पाझर किती व्हावा, रक्तपुरवठा किती असावा, ते हे जाळं बघतं. ऑअरबाख आणि माइसनर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ही जाळी दाखवून दिली, म्हणून अजूनही ती त्यांच्या नावानं ओळखली जातात. दोन्ही मिळून चेतापेशींची संख्या साधारण १० ते ५० कोटींच्या घरात धरतात.

१८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा कापल्या आणि आतड्यात एक गोळा ठेवला. गोळ्याच्या मागचा भाग आवळला, पुढचा सैल झाला, आणि गोळा पुढे सरकला. मेंदूशी संपर्क तुटलेला असतानाही. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबर्ग यांनी तर गिनीपिगचं आतडं शरीराबाहेर काढून द्रावणात ठेवलं, तरी आत दाब वाढवला की त्याची लाट सुरू व्हायची. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच अवयवाची चेतासंस्था इतकी स्वतंत्रपणे चालत नाही. गावातला रोजचा नळ सोडायला ग्रामपंचायत मंत्रालयाला विचारत बसत नाही, तसा हा कारभार आहे. मेंदूकडून सूचना येतात, कधी फार जोरात येतात, पण काम इथलं इथेच ठरतं. ‘दुसरा मेंदू’ हा शब्द एवढ्याच अर्थानं घ्यावा. हे जाळं विचार करत नाही, त्याला दुःख होत नाही, ते निर्णय घेतं ते ढकलण्याचे, पाझरण्याचे आणि थांबण्याचे.

मेंदू आणि पोट यांना जोडणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत, आदेश खाली आणणारे थोडेच. या एका गोष्टीनं पोटदुखीकडे बघण्याची माझी नजर बदलली. आपण समजतो मन पोट बिघडवतं. ते खरंच आहे, पण खालून वर जाणारी वर्दळ कितीतरी जास्त आहे.

आता जिवाणू. ‘शरीरात पेशींपेक्षा दहापट जंतू’ हा आकडा तुम्हीही ऐकला असेल. तो जुना अंदाज होता. २०१६ साली नव्यानं हिशेब झाला, त्यात एका माणसाच्या अंगावरचे आणि अंगातले जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी निघाले, म्हणजे आपल्या पेशींच्या जवळपास बरोबरीचे, आणि वजन २०० ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकतो. जिवाणू नसांना जाऊन चिकटत नाहीत. मोठ्या आतड्यात अस्तरावर चिकट श्लेष्माचे दोन थर असतात आणि आतला थर निरोगी माणसात जवळजवळ जंतुमुक्त असतो. मग त्याखाली अस्तराच्या पेशी, त्याखाली नसा. मधे एवढं अंतर असताना बोलणं होतं ते रसायनांतून. जिवाणू काहीतरी खातात, त्यातून काहीतरी तयार करतात, ते थर ओलांडून येतं आणि अस्तरातल्या काही खास पेशी ते ओळखतात. सगळा विषय याच वाटेवर उभा आहे, म्हणून थोडा वेळ इथे थांबतो.

मटकीच्या उसळीचा एक घास घ्या. त्यातलं पीठ आणि प्रथिनं लहान आतड्यात बऱ्यापैकी पचतात. पण कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडायचं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नाहीच. शिवाय सालीचा कोंडा. हे सगळं काही तासांनी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला येऊन पडतं आणि तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात. ते आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड निघतात. काही लोकांच्या पोटातले जीव त्यापासून मिथेन बनवतात आणि मिथेननं आतड्याची चाल मंदावते. गॅसखेरीज तीन आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. उंदरांवरच्या प्रयोगात असंही दिसलं की ब्युटिरेट मिळालं की आतडं आवळणाऱ्या चेतापेशींचं प्रमाण वाढतं आणि चाल सुधारते. म्हणजे जिवाणूंनी आपल्या उरल्यासुरल्या अन्नातून केलेली वस्तू थेट नसांच्या घडणीत पोहोचते.

अस्तरात अधूनमधून एंटेरोक्रोमॅफिन नावाच्या पेशी पेरलेल्या असतात. त्यांचं काम चाखणं आणि चाचपणं. आतडं ताणलं गेलं, एखादं रसायन आलं, की त्या सेरोटोनिन नावाचं निरोप देणारं रसायन सोडतात. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, डोक्यात नाही. ते शेजारच्या चेतातंतूंना जाऊन लागतं आणि लाट सुरू होते. जास्त सुटलं तर मळमळ, मुरडा, जुलाब. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेनं दाखवलं की जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात आणि रक्तात सेरोटोनिन निम्म्याहूनही कमी असतं. त्यांच्या पोटात विशिष्ट गटाचे, बीजाणू धरणारे जिवाणू सोडले की ते पूर्ववत होतं आणि आतड्याची चालही सुधारते. जिवाणू स्वतः ते सेरोटोनिन बनवून देत नव्हते. ते अशी रसायनं सोडत होते, ज्यांच्यामुळे उंदराच्याच पेशी जास्त बनवायला लागल्या.

मोबाईलवरच्या व्हिडिओंत याचा अर्थ लावतात की ‘पोटात सेरोटोनिन वाढवा, आनंदी राहा’. पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मधे पक्की तटबंदी आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. पोटातल्या सेरोटोनिनचा मेंदूवर परिणाम होतो तो नसांमार्फत बातमी जाऊन. २०१८ मध्ये तर अस्तरातल्या काही संवेदक पेशी व्हेगसच्या तंतूंशी थेट जोडलेल्या सापडल्या, म्हणजे आतड्यातली बातमी क्षणार्धात वर जाऊ शकते. पण बातमी जाणं वेगळं आणि मूड ठरवणं वेगळं.

आता हाच मटकीचा घास दोन माणसांनी खाल्ला, एक निरोगी आणि एक आयबीएस असलेला, तर कुणाच्या पोटात जास्त गॅस होईल? बहुतेक रुग्ण म्हणतात, ‘माझ्याच’. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २०१७ साली हे एमआरआय काढून मोजलं. दोन्ही गटांना आंबणारा तंतू दिला. गॅसचं प्रमाण दोघांतही सारखंच वाढलं. त्रास मात्र आयबीएसवाल्यांना झाला. फरक गॅसमध्ये नव्हता, तो जाणवण्यात होता. त्यांच्या आतड्याच्या नसा तेवढ्याच ताणाला दुखणं म्हणून वर कळवत होत्या. मी रुग्णांना हे आवर्जून सांगतो, कारण गॅस मारायच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊनही त्यांना आराम का पडत नाही ते इथे कळतं.

वाट उलटीही चालते, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आपण उपाशी असतो तेव्हा लहान आतड्यात साधारण दर दीड-दोन तासांनी एक झाडलोटीची लाट फिरते. उरलंसुरलं अन्न आणि जिवाणू खाली लोटून देते. खाल्लं की ती थांबते. मधुमेहानं नसा खराब झाल्या, किंवा काही आजारात ही लाट मंदावली, की मोठ्या आतड्यातले जिवाणू वर लहान आतड्यात वाढायला लागतात. झेब्राफिश हा छोटा मासा पारदर्शक असतो, त्याच्या पिल्लांच्या आतड्यात जिवाणू जिवंत बघता येतात. त्यात दिसलं की आतड्याच्या नसांमध्ये दोष असलेल्या पिल्लांमध्ये कुठला जिवाणू टिकतो आणि कुठला बाहेर फेकला जातो, हे गणितच बदलतं. म्हणजे जिवाणूंची वस्ती आपण काय खातो यावर ठरते, तशी आतडं कसं हलतं यावरही ठरते. दिवसभर काही ना काही तोंडात टाकणाऱ्यांना ती झाडलोटीची लाट मिळतच नाही. दुकानात बसून शेंगदाणे, भडंग, दर तासाला चहा, असं तुमचं असेल तर ते आधी बघा.

मानसिक ताणाचाही रस्ता आहे. ताण आला की मेंदू आतड्याची चाल बदलतो, पाझर बदलतो, अस्तराचे सांधे सैल होतात. ताणात आपल्या शरीरात सुटणारं नॉरॲड्रिनॅलिन काही जिवाणू ओळखतात, ई. कोलायच्या एका घातक जातीकडे तर ते ओळखायचं खास साधन सापडलं आहे. २००४ साली जपानमध्ये जंतुविरहित उंदरांना कोंडून ताण दिला तर त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं सामान्य उंदरांपेक्षा फार जास्त वाढली. लहान वयात एक जिवाणू पोटात सोडला तर ते ताळ्यावर आलं, मोठं झाल्यावर सोडला तर आलं नाही. बालपणात चेतासंस्था घडत असताना जिवाणूंची संगत लागते, एवढं त्यातून निघतं. म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यात ‘टेन्शन’ हा शब्द चुकीचा नाही. त्यावरून आजार खोटा ठरवणं चुकीचं आहे.

महापुराशी तुमच्या आजाराचं नातं स्पष्ट आहे. कृष्णा-वारणेचं पाणी गावात शिरलं की गटारं, गोठे, शौचालयं आणि विहिरी एक होतात, आणि पाणी उतरल्यावर आमच्या भागात जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची रांग लागते. अशा संसर्गानंतर दहातल्या साधारण एका माणसाला पुढे आयबीएस जडतो. याचा सर्वांत नीट अभ्यास कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात झाला. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस पडला, शेणखत वाहून गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत गेलं, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. नंतर वर्षानुवर्षं त्या गावाचा पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी, ज्यांना तेव्हा मोठा जुलाब झाला होता त्यांच्यापैकी ३६ टक्के लोकांना आयबीएस होता, ज्यांना झाला नव्हता त्यांच्यात १० टक्के. आठव्या वर्षी पहिल्या गटात तो १५ टक्क्यांवर आला होता. हे आकडे तुमच्यासाठी मुद्दाम दिले. आजार रेंगाळतो हे खरं, पण मोठ्या संख्येनं लोक त्यातून बाहेर येतात.

संसर्ग गेल्यावर मागे काय उरतं, हेही आता बरंच कळलं आहे. आतड्याच्या अस्तराचे तुकडे काढून बघितले तर सेरोटोनिनवाल्या पेशी वाढलेल्या दिसतात, प्रतिकार करणाऱ्या पेशीही जास्त दिसतात. मास्ट पेशी नावाच्या दाह करणाऱ्या पेशी नसांच्या जितक्या जवळ, तितकं पोट जास्त दुखतं, असं इटलीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. २०२१ साली बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या गटानं आणखी एक दुवा जोडला. उंदरांना संसर्ग झालेला असताना एक विशिष्ट प्रथिन खायला दिलं. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिलं तर पोट दुखायला लागलं. आतड्यानं ते अन्न संसर्गाच्या काळातला शत्रू म्हणून लक्षात ठेवलं होतं, आणि तेही फक्त आतड्यापुरतं. अंगावर पित्त नाही, रक्ताच्या तपासणीत ॲलर्जी नाही. मग आयबीएसच्या १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, सोया, दूध असे पदार्थ टोचून बघितले, तेव्हा सगळ्यांत कुठल्या ना कुठल्या पदार्थाला जागच्या जागी सूज आली. रुग्ण म्हणतात ना, ‘आधी चालायचं, आता चपाती सोसत नाही’, त्यात तथ्य असतं.

आणि त्या जुलाबांच्या आठवड्यात मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बहुतेकांनी खाल्लेल्या असतात. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना त्यांची गरज नसते, ओआरएस लागतं. त्या गोळ्यांनी संसर्गाच्या जिवाणूंबरोबर वस्तीतले कामाचे जिवाणूही मरतात, आणि संसर्गानंतर आयबीएस होण्याची शक्यता वाढते. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरनं बघून औषध द्यायलाच हवं.

आता कॅप्सूल. २०११ साली आयर्लंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस या जिवाणूची एक जात उंदरांना दिली. उंदीर कमी घाबरायला लागले, मेंदूतही बदल दिसले. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र काहीच झालं नाही. प्रयोग फार देखणा होता, जगभर गाजला. पुढे २०१७ मध्ये त्यातल्याच आयर्लंडच्या गटानं तीच जात निरोगी पुरुषांना दिली, तेव्हा ताण, मूड, स्मरणशक्ती यांत फरक पडला नाही. त्यांनी तो निकाल लपवला नाही, याचं मला कौतुक आहे. उंदरांवरचा पहिला भाग जाहिरातीत येतो, दुसरा येत नाही.

प्रत्येक जात वेगळी असते, हे आधी समजून घ्या. एका जातीचा फायदा दुसरीला लागू होत नाही, आणि बाजारातल्या कॅप्सूलवर बऱ्याचदा जातीचा नेमका क्रमांकही नसतो. त्यातले जिवाणू बहुतेकांच्या पोटात वस्ती करत नाहीत, कॅप्सूल थांबली की काही दिवसांत निघून जातात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांची मूळ वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनापुरतंच वापरा असं म्हटलं. ब्रिटनमधल्या संघटनेचं म्हणणं थोडं मवाळ आहे: बारा आठवडे घेऊन बघा, फरक नसेल तर थांबवा. तुम्ही दोन महिने घेतलंत, फरक नाही. माझ्या मते पैसे वाचवा.

माझा भर आहे तो वस्तीत आधीपासून असलेल्या जिवाणूंना काय खायला घालतो यावर. जिवाणूंचं नसांशी बोलणं त्यांनी केलेल्या रसायनांतून चालतं आणि ती रसायनं ठरतात ताटातल्या अन्नावरून. पण इथे तुमच्यासारख्या रुग्णाची पंचाईत होते. ज्यातून ब्युटिरेट मिळतं त्याच अन्नातून गॅसही होतो, आणि तुमच्या नसा चिडलेल्या आहेत. म्हणून ‘भरपूर फायबर खा’ हा सरसकट सल्ला आयबीएसला बाधतो. गव्हाचा कोंडा तर नकोच, त्यानं पोट जास्त फुगतं. इसबगोल चालतं, त्याचा पुरावा चांगला आहे. अर्धा चमचा भरपूर पाण्यातून सुरू करा आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवा, एकदम दोन चमचे नकोत.

चार ते सहा आठवडे गुबारा आणणाऱ्या साखरा कमी करा. आपल्या जेवणात त्या मुख्यतः कांदा, लसूण, गहू, हरभरा-राजमा आणि दुधात आहेत. कांदा-लसणाशिवाय आमटी होत नाही हे मला माहीत आहे. लसणातल्या त्या साखरा पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून फोडणीच्या तेलात लसूण परतून काढून टाका, वास राहील आणि त्रास कमी होईल. आमटीत सोडलेला लसूण मात्र बाधेल. चपातीऐवजी शाळूची भाकरी खाऊन बघा, बऱ्याच जणांना ती सोसते. कडधान्यं रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. दूध बाधत असेल तर ताक बहुधा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू त्यातली दुधाची साखर थोडी आधीच संपवतात. आराम पडला की एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत आणून बघा, कुठला बाधतो ते लिहून ठेवा आणि बाकीचे सगळे पुन्हा सुरू करा. हे शेवटचं पाऊल लोक गाळतात. बरं वाटतंय म्हणून वर्षभर कांदा-कडधान्यं बंद ठेवतात, आणि मग आतड्यातले कामाचे जिवाणूच उपाशी मरतात. हा पथ्याचा टप्पा कायमचा नाही. जमलं तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा.

मिसरी आणि तंबाखूबद्दल वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे ‘मिसरी लावल्याशिवाय संडासला होत नाही’ असं म्हणणारे स्त्री-पुरुष पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आतड्यातल्या चेतापेशी एकमेकींना ज्या जागी निरोप देतात त्याच जागी निकोटिन जाऊन बसतं. सवय लागली की त्या धक्क्याशिवाय आतडं हलायला तयार नसतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. तुम्ही घेत असाल तर पोटाच्या उपचारांबरोबरच सोडायचा बेत करा.

पथ्यानं पुरेसा आराम नसेल तर औषध आहे, आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे. अमिट्रिप्टिलिन हे जुनं औषध मोठ्या डोसात नैराश्यासाठी देतात. फार कमी डोसात, रात्री १० मिलिग्रॅमपासून, ते आतड्याच्या नसांकडून वर जाणारी दुखण्याची बातमी मंद करतं आणि जुलाबाची प्रवृत्ती असेल तर चालही थोडी सावकाश करतं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या ४६३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, सहा महिन्यांत खरं औषध घेणाऱ्यांना नकली गोळीपेक्षा स्पष्ट आराम मिळाला. घरचे चिठ्ठी वाचून म्हणतात, ‘ही तर डोक्याची गोळी’, आणि गोळी बंद पडते. ती नसांची गोळी आहे, आणि पोटातही नसाच आहेत. मात्र काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका.

ज्यांना हे सगळं लागू नाही, त्यांनाही ओळखता यायला हवं. संडासवाटे रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळचा ताप, रक्त कमी होणं, पंचेचाळीशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर आयबीएस धरून बसू नये. आपल्या भागात आतड्याचा टीबी अजूनही दिसतो आणि तो सुरुवातीला असाच फसवतो. तुमच्या तपासण्यांच्या यादीत सीलिॲकची, म्हणजे गव्हामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते त्या आजाराची, रक्ततपासणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेची तपासणी, झाली आहे का ते बघा. नसेल तर एकदा करून घ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा दुर्बीण घालायची वेळ येणार नाही.

आता वडिलांबद्दल. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चेतापेशींत गोळा होतं, आणि ते आतड्याच्या जाळ्यातही सापडतं. जर्मनीतल्या ब्राक यांनी २००३ साली कल्पना मांडली की काही रुग्णांत आजार आतड्यात सुरू होऊन व्हेगसच्या वाटेनं मेंदूत चढत असावा. बऱ्याच रुग्णांना हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ असतो, हे तर आम्ही नेहमी बघतो. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये अल्सरसाठी व्हेगसचं मूळ खोड कापलेल्या लोकांत पार्किन्सन काहीसा कमी आढळला. तरी हे सगळ्या रुग्णांना लागू नाही, काहींमध्ये आजार मेंदूतच सुरू झाल्याची चिन्हं आहेत. आणि तुमच्या आयबीएसवरून तुम्हाला पार्किन्सन होणार असा अर्थ काढू नका.

वडिलांच्या उपचारात मात्र आतड्यातल्या जिवाणूंचा एक रोखठोक संबंध आहे. पार्किन्सनची मुख्य गोळी लेव्होडोपा मेंदूत पोहोचायला हवी, पण एंटेरोकॉकस फीकॅलिस नावाचा जिवाणू ती आतड्यातच तोडतो. २०१९ साली हे उलगडलं, आणि गोळीत सोबत असलेलं कार्बिडोपा या जिवाणूला नीट रोखत नाही हेही दिसलं. म्हणून गोळी पोटात रेंगाळणार नाही असं बघा. जेवणाआधी किमान अर्धा तास, घोटभर नव्हे, पेलाभर पाण्याबरोबर द्या, आणि दूध-डाळ-अंडं त्याच वेळी देऊ नका, त्यातली प्रथिनं शोषणात आडवी येतात. बद्धकोष्ठाकडे म्हातारपणाची गोष्ट म्हणून दुर्लक्ष करू नका. पोट तीन-तीन दिवस साफ होत नसेल तर गोळीचा गुण कमी पडतो आणि नातेवाईक समजतात की आजार वाढला. पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ते किती दिवसांनी संडासला जातात आणि गोळी नेमकी किती वाजता घेतात, हे कागदावर लिहून न्या.